पिवळं नाही तर सही नाही

तुला त्या कन्सल्टिंगवाल्यांचं नोकरीचं पत्र आलं आणि तू आईला विचारलंस, "आई, तू एवढी वर्षं तसल्या ऑफिसात काढलीस, कसं असतं गं?" ती म्हणाली, "चांगलं असतं," आणि भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती. मीच घासून पालथी घातली होती.

म्हणून म्हटलं, बस इथं, वही घे, मी सांगते. तिथलं चांगलंही सांगेन, वाईटही सांगेन. मध्येच "पण आजी, पण आजी" करू नकोस, माझा धागा सुटतो. आणि मी बोलते तसंच लिही, तुझं शहाणपण त्यात घालू नकोस.

तुझी आई या घरात आली तेव्हा इंजिनीयर होऊनच आली होती, पण कामावर कोणी घेईना. पाच ठिकाणी गेली. एक म्हणाला, बाईमाणसाला साइटवर कसं पाठवू? दुसरा म्हणाला, पोटात मूल आहे, ते आधी होऊ द्या, मग बघू. ते मूल म्हणजे तू. सहाव्या ठिकाणी मोठे साहेब भेटले. मोठे साहेब म्हणजे त्या कंपनीचे मालक. अंगानं एवढेसे, पण आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर बोलले तर रस्त्यावरचा माणूस वर बघेल. त्यांनी हिच्या पोटाकडे बघितलंसुद्धा नाही. एक कागद पुढे टाकला, म्हणाले, "यातली चूक शोधा." हिनं एक सांगितली. ते म्हणाले, "मला एकच माहीत होती, तुम्ही सांगितलीत ती वेगळीच. उद्यापासून या." आणि बाळंतपणात टेबल रिकामं ठेवलं. चार महिने कोणाला बसू दिलं नाही त्यावर. हे लिहून ठेव, पुढे मी त्यांना नावं ठेवीन तेव्हा तुला आठवायला हवं.

मला आधी वाटायचं, इंजिनीयर म्हणजे घरं बांधणारा. तर तसं नाही म्हणे. बांधणारा ठेकेदार वेगळा. इमारत दिसेल कशी ते ठरवणारा आर्किटेक्ट वेगळा. हे कन्सल्टिंगवाले मधले. खांब किती जाड, त्यात सळया किती, कुठून कुठे जाणार, ते हिशेब करून ड्रॉइंगवर काढून द्यायचं आणि मोकळं व्हायचं. शेजारीण मला एकदा म्हणाली, "तुमची सून काय बांधते हो?" मी म्हटलं, "कागद बांधते." हिला सांगितलं तर पोट धरून हसली, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगून आली. मग काय, ते लोक एकमेकांना विचारायचे, "काय, आजचा कागद बांधून झाला का?"

पहिली बारा-तेरा वर्षं तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा, खोटं कशाला बोलू. आज पाण्याची टाकी, पुढच्या महिन्यात पूल, मग शाळा, मग कसली तरी गिरणी. म्हणायची, "आई, एका ठेकेदाराकडे गेले असते तर जन्मभर एकाच तऱ्हेची घरं बघितली असती. इथं दरवेळी डोकं नव्यानं चालवायला लागतं." सावलीतलं काम. पगार एक तारखेला. अवतीभवती चाळीस माणसं, सगळी हुशार, आणि हुशार माणसांत बसलं की माणूस अजून हुशार होतो. बसमधून जाताना ती खिडकीतून बोट दाखवायची, "ती बघा टाकी, माझी आहे." मी म्हणायचे, "तुझी कशी? पाटीवर तर दुसऱ्याचं नाव आहे." तर म्हणायची, "पाटी दाराची असते आई. सळया माझ्या आहेत." पाटीवर कधीच तिचं नाव आलं नाही. तेव्हा त्याचं तिला काही वाटायचं नाही.

आता वाईट सांगते. त्या ऑफिसात प्रत्येकानं संध्याकाळी एक तक्ता भरायचा. पाव पाव तासाचा. हा पाव तास कोणत्या कामाला गेला, तो पाव तास कोणत्या. काम घेतानाच ठरलेलं असायचं की या कामाला एवढे तास. मोठे साहेब कामं मिळवायला म्हणून तास कमी धरायचे. नाही धरले तर काम दुसरा पळवायचा. मग तास संपायचे आणि काम शिल्लक राहायचं. तुझा बाप म्हणायचा, "हिच्या ऑफिसात चहा पिताना घुटके मोजतात." ती चिडायची, पण खरंच ती एकदा सर्दीनं बेजार होती, तर मला विचारते, "आई, शिंकायला गेलेला वेळ कोणत्या कामावर टाकू?" म्हटलं, "जो सारखं बदल सांगतो ना, त्याच्यावर टाक. त्याच्यामुळेच आली असेल."

दुसरं असं की यांना बांधकाम बघायला मिळायचं नाही. साइटवर जायचे तास गिऱ्हाइकानं धरले असले तरच जायचं. बहुतेक कोणी धरायचं नाही. डॉक्टरनं नाडी न बघता, निरोपावर औषध द्यावं, तसं. ठेकेदार फोनवर विचारायचा आणि ही फोनवर सांगायची.

आणि तिसरं म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली चौकट. ती नीट समजून घे, सगळं तिथंच घडलं. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात तीन छोटी घरं असतात. एकात काढणाऱ्याची सही, दुसऱ्यात तपासणाऱ्याची, तिसऱ्यात साहेबांची. तुझी आई तपासणारी. तपासायची रीत अशी की ड्रॉइंगची एक प्रिंट काढायची, पिवळी पेन्सिल आणि लाल पेन्सिल घेऊन बसायचं. एकेक आकडा, एकेक रेघ बघायची. बरोबर असेल तर त्यावर पिवळं. चूक असेल तर लाल. सगळा कागद पिवळा झाला, लाल होतं ते दुरुस्त झालं, की मगच सही. आणि ती रंगवलेली प्रिंट फाइलला लावायची, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर दाखवता येतं की बघितलं होतं.

तुझी आई त्यात फार कडक. पोरासोरांना ओरडायची, "पिवळं नाही तर सही नाही." तिला ऑफिसात नावच पडलं होतं पिवळ्या बाई. रविवारी ती मोठाले कागद घरी आणून या फरशीवर पसरायची. मी चार कोपऱ्यांवर डबे ठेवायचे, कागद गुंडाळू नये म्हणून. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण पिवळं कुठवर आलं ते कळायचं. कागद पिवळा झाला की मी भात लावायचे.

तर एक दवाखाना होता. छोटासाच, दोन मजल्यांचा. त्याच्या दारावर पुढे आलेला छज्जा, पोर्च म्हणतात तो. खाली खांब नाही, भिंतीतून हात बाहेर काढावा तसा. तो आधी चार फूट होता. तुझ्या आईनं तो नीट तपासला होता, कागद पिवळा करून, सही करून. मग आर्किटेक्टनं मध्येच ठरवलं, रुग्णांची गाडी छज्ज्याखाली उभी राहायला हवी. केला साडेसहा फूट. हिच्या ऑफिसातल्या ड्राफ्ट्समननं, म्हणजे ड्रॉइंग काढणाऱ्यानं, रेघ पुढे ओढली, चारचा आकडा खोडून साडेसहा केला. सळयांचे आकडे होते तेच राहिले.

तुला कळतं का यात काय झालं? तू शिकलीस, तुला कळेल. मला तुझ्या आईनं असं समजावलं होतं. पाण्याची बादली अंगाजवळ धर, कोपर वाकवून. धरवते. तीच बादली हात पूर्ण लांब करून धर. बादली तेवढीच, पाणी तेवढंच, पण खांद्यातून हात निखळायला येतो. छज्ज्याचं तसंच. अडीच फूट वाढला, तर सळया दुप्पट-अडीचपट लागत होत्या.

त्या सोमवारी सकाळी ठेकेदाराची माणसं साइटवर तयार होऊन बसली होती. मोठे साहेब स्वतः ड्रॉइंग घेऊन तुझ्या आईच्या टेबलाशी आले. आता मी सांगते ते मला नंतर कळलेलं, तिच्याच तोंडून.

साहेब म्हणाले, "छज्जा जरा पुढे घेतलाय, बाकी काही नाही. करा सही."

ही म्हणाली, "प्रिंट काढते साहेब, पिवळं करून देते. दुपारपर्यंत."

"दुपारपर्यंत ती माणसं काय झोपा काढतील? आणि तास कुठं टाकणार? या कामाचे तास गेल्या महिन्यातच संपलेत."

"साहेब, पण..."

"अहो, तुम्हीच तपासलेलं आहे ते. आणि तुम्हाला आज लवकर जायचंय ना?"

तिला लवकर जायचं होतं, कारण त्या दिवशी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू. मी खाली भाड्याच्या गाडीत बसले होते, डोळ्यात औषध घालून, आणि घाबरले होते. लिही, लिही, तेही लिही. मी त्या ड्रायव्हरला म्हटलं, "अरे बाबा, वाजव की हॉर्न, ही बाई वर जाऊन बसते ती बसतेच." त्यानं दोनदा वाजवला. दुसऱ्यांदा लांब.

ती पर्स खांद्याला लावून उभ्यानं सही करून खाली आली. गाडीत माझा हात धरून बसली. मला म्हणाली, "घाबरू नका, पाच मिनिटांचं काम असतं."

सात महिने तो छज्जा उभा राहिला. भिंतीजवळ वरून बारीकशी भेग गेली होती म्हणे, ती दवाखान्यानं रंग देऊन बुजवली. मग एका दुपारी नवी पाटी बसवायला दोन माणसं त्यावर चढली, तेवढं निमित्त झालं. ती दोघं हातपाय मोडून वाचली. खाली एक म्हातारी होती, गुडघ्याची पट्टी बदलून बाहेर आलेली, मुलगा गाडी आणतो म्हणून थांबलेली. ती जागच्या जागी गेली. माझ्याच वयाची. आणि तिला हात देऊन पायरी उतरवणारी नर्स होती, तिचा डावा पाय गेला.

तुझी आई त्या दिवशी घरी आली आणि चप्पल न काढता आत येऊन भिंतीला टेकून बसली. तुझ्या बापानं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "माझा छज्जा पडला." इतकी वर्षं बसच्या खिडकीतून "माझं, माझं" म्हणायची, तसंच म्हणाली. तुला दुसऱ्या दिवशी मावशीकडे पाठवलं, वर्षभर. तू आठवीत होतीस. तुला सांगितलं आईची बदली होणार आहे, घर आवरायचंय. तू रडलीस, मला "खोटारडी आजी" म्हणालीस. बरोबर म्हणालीस.

चौथ्या दिवशी, रविवारी, मोठे साहेब घरी आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी चहा ठेवला, त्यांनी कपाला हात लावला नाही. चार दिवसांत माणूस अर्धा झाला होता. त्यांच्या काखेत गुंडाळी होती, त्याच ड्रॉइंगची कोरी प्रिंट. ते माझ्या देखतच बोलले, या म्हातारीला काय कळतंय असं वाटलं असेल.

"बुधवारी चौकशीवाले येणार आहेत. फाइल मागतील. फाइलमध्ये नव्या ड्रॉइंगची पिवळी प्रिंट नाही."

ती म्हणाली, "नसणारच. केलीच नव्हती."

"मग आता करा. तारीख तेव्हाची टाका."

"सगळं पिवळं करू? छज्जासुद्धा?"

"छज्जासुद्धा." मग ते फरशीकडे बघत बोलायला लागले. "नीट ऐका. पिवळी प्रिंट असली तर त्याचा अर्थ, पद्धत पाळली होती, एका माणसाच्या नजरेतून सुटलं. माणूस चुकतो, त्याला विमा आहे. तुम्हाला सहा महिने, वर्षभर सहीची बंदी करतील. मी पगार चालू ठेवतो, टेबल ठेवतो. प्रिंट नसली तर अर्थ असा की आमची पद्धतच खोटी. मग विमा हात वर करणार, कंपनीचं लायसन जाणार. चाळीस घरं आहेत बाई. चाळीस चुली."

तुझी आई म्हणाली, "आणि तास संपले होते, हे?"

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "पूर्वी मी तुमच्यासाठी टेबल ठेवलं होतं. कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवतोय, मला लाज वाटतेय, पण दाखवतोय." आणि गेले. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. कीव आली.

तुझा बाप म्हणाला, "कर की. चूक तर अशीही तुझ्या माथी येणार आहे, तशीही येणार आहे. निदान नोकरी राहील."

"हं."

"हं काय? गेलेली बाई परत येणार आहे का तू कागद नाही रंगवलास तर?"

"नाही येणार."

"मग? हरिश्चंद्राचा अवतार आहेस का तू? घराचे हप्ते कोण भरणार, सत्य?"

तिनं कागद फरशीवर पसरला. मी सवयीनं डबे घेऊन आले आणि कोपऱ्यांवर ठेवले. नंतर मनात आलं, मी हे काय करतेय, कशाला हातभार लावतेय? पण ठेवले खरे. तुझा बाप बाहेर निघून गेला.

तिनं पिवळी पेन्सिल घेतली. खालून सुरुवात केली. पाया पिवळा झाला. खांब पिवळे झाले. जिना पिवळा झाला. भराभर, मुलं चित्र रंगवतात तशी रंगवत होती, बघत नव्हती. मी पलंगावर बसून बघत होते, आणि मला वाटलं, होईल आता, अर्धा कागद तर झाला, होऊन जाईल आणि आपण सगळे यावर पांघरूण घालून जगू. खरं सांगते पोरी, मला तसंच व्हायला हवं होतं. मी साधी बाई आहे, मला माझं घर दिसत होतं.

मग ती छज्ज्याशी आली आणि पेन्सिल थांबली. उठली, कॅल्क्युलेटर आणला, पाठकोरे कागद आणले, आणि मांडी घालून हिशेब करायला बसली. रंगवायचंच होतं तर हिशेब कशाला, ते मला कळेना. विचारायचा धीर होईना. ती लिहायची, खोडायची, ओठ हलवत पुन्हा मोजायची. ऑफिसातल्या कामासारखं, अगदी मन लावून. मग तिनं लाल पेन्सिल घेतली आणि छज्ज्याच्या सळयांभोवती गोल काढला. एकच. बाजूला आकडे लिहिले.

घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "चाळीस मिनिटं लागली आई."

मी म्हटलं, "कशाला?"

"चूक सापडायला. चाळीसच मिनिटं. तेव्हा बसले असते तर सापडली असती. दडलेली नव्हती हो. समोरच होती."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "हॉर्न मी वाजवायला लावला होता."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, म्हणेल "तुमचा काय दोष त्यात." ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "हो, ऐकला होता मी." मग म्हणाली, "पण सही माझी आहे." आणि कोपऱ्यात तारीख घातली. त्याच दिवसाची, रविवारची. मग अर्धा कागद पिवळा केला होता त्यातलाही एकेक आकडा पुन्हा तपासला, आणि उरलेला पूर्ण केला. संध्याकाळपर्यंत चाललं होतं. पाया, खांब, जिना, सगळं बरोबर होतं. सगळ्या इमारतीत चूक तेवढी एकच.

सोमवारी ती प्रिंट घेऊन ऑफिसात गेली. मोठ्या साहेबांनी गुंडाळी उघडली, लाल गोल बघितला, तारीख बघितली. ओरडले नाहीत म्हणे. आवाजच फुटला नाही. एवढंच म्हणाले, "बाहेर चाळीस जण बसलेत, त्यांना तुम्हीच सांगा."

तिनं सांगितलं. मधोमध उभं राहून सांगितलं की फाइलमध्ये खरी प्रिंट लावणार, नव्या तारखेची. सही न तपासता केली होती असं लिहून देणार. तास संपले म्हणून तपासू दिलं नाही हेही लिहून देणार. मग तो ड्राफ्ट्समन, ज्यानं रेघ ओढली होती तो, दोन पोरांचा बाप, म्हणाला, "बाई, तुम्ही लाल केलंत ते कागदावर नाही केलंत, आमच्या पोटावर केलंत."

ती म्हणाली, "तुमचं नाव मी कुठंही घेतलेलं नाही."

"घ्यायची गरजच काय? पहिल्या घरात सही आहे ना माझी."

चौकशी दोन वर्षं चालली. मी एकदा सोबत गेले होते. लांबलचक खोली, पंखे, आणि सगळे कागद चाळत बसलेले. ती नर्स आली होती, कुबडीवर. पोरगीच होती गं, पंचविशीची. मधल्या वेळात बाकावर आमच्या शेजारीच येऊन बसली, कोण बसलंय ते तिला माहीत होतं. तुझ्या आईला म्हणाली, "तुम्ही आला होतात का कधी तिथं? बांधत होते तेव्हा?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"त्या कामात साइटवर जायचे तास धरले नव्हते."

नर्स म्हणाली, "मी तर रोज तिथून जायचे. ती भेग रोज बघायचे. कोणाला सांगायचं असतं ते मला माहीत नव्हतं." आणि उठून गेली. माफ केलं नाही, शिवीही दिली नाही. त्यानंतर बसमध्ये खिडकीशी बसायचं तुझ्या आईनं सोडलं.

निकाल लागला. तुझ्या आईच्या सहीवर सहा वर्षं बंदी. कंपनीचं लायसन गेलं, विमा गेला, दाराला कुलूप लागलं. चाळीसातल्या किती जणांनी आपल्या घरी फोन करून काय काय ऐकवलं, ते मी तुला सांगणार नाही. तुझ्या बापानं फोनची वायरच काढून ठेवली होती. तो तिच्याशी सहा-सात महिने कामापुरतं बोलत होता, "मीठ दे," "किल्ली कुठे आहे" एवढंच. मग हळूहळू बोलायला लागला. माणूस वाईट नाही तो, घाबरट आहे. माझ्यावर गेलाय.

आणि वर्षभरात, बघ हं, त्याच इमारतीत, त्याच तिसऱ्या मजल्यावर, मोठ्या साहेबांच्या पुतण्याच्या नावानं नवी कंपनी निघाली. पाटी नवी, टेबलं तीच. चाळीसातले तीस जण परत गेले. ड्राफ्ट्समनही गेला. म्हणजे चुली काही विझल्या नाहीत. फक्त हिला कोणी बोलावलं नाही. कसं बोलावणार?

आता ती घरी बसून काय करते ते तू बघतेसच, पण तुला ते ट्यूशनसारखं काहीतरी वाटत असेल. तसं नाही. ती हिशेबच करते, इमारतींचेच. एका इंजिनीयरसाठी. ही करून देते आणि सही तो करतो, कारण सही हिला चालत नाही. तिनं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बघितल्याशिवाय सही करू नका." तो हसला. म्हणाला, "अहो बाई, तुम्ही केलंय ना? मग मी काय बघायचं त्यात?" तेव्हापासून ती प्रत्येक हिशेब दोनदा करते. एकदा आपला म्हणून, आणि एकदा त्यानं करायला हवा होता म्हणून. त्या दुसऱ्या हिशेबाचे पैसे मिळत नाहीत. घर चालायला हवं म्हणून हे काम सोडवतही नाही. तू म्हणशील, हे बरोबर नाही. नाहीच बरोबर. तिलाही माहीत आहे. म्हणून तर भांडी घासते.

गेल्या महिन्यात सहा वर्षं भरली. सही परत मिळवायचा फॉर्म आलाय. चार पानी. नाव, शिक्षण, अनुभव, सगळं तिनं भरलं, झरझर भरलं. शेवटच्या पानावर अडली. मी विचारलं, "काय गं?"

म्हणाली, "विचारलंय, पूर्वी झालेली चूक कशामुळे झाली ते थोडक्यात लिहा. दोन ओळींची जागा आहे."

मी म्हटलं, "मग लिही की, चाळीस मिनिटं दिली नाहीत म्हणून."

"दिली नाहीत हे खरं आहे आई. मी मागून घेतली नाहीत, हेही खरं आहे. तुमची गाडी खाली होती. साहेबांचं ओझं होतं डोक्यावर. आणि मी तपासलेलं चुकत नाही, असा माज होता. यातलं कोणतं दोन ओळींत लिहू?"

फॉर्म अजून कपाटावर आहे, शेवटचं पान तेवढं कोरं. तीस तारखेला मुदत संपते.